खोलीत आणखी एक व्यक्ती आहे

भूत नसतं.

हे मी हवेत बोलत नाही. हे मी लिहिलेलं आहे, छापून घेतलेलं आहे आणि पुण्यात इंजिनिअरिंगला असताना दर अमावस्येला चौकात उभं राहून वाटलेलंही आहे. चार पानी पत्रक, लाल शाई, वर मथळा: 'भूत दाखवा, आम्ही हार घालू!' (त्या हाराचं पुढे काय झालं ते शेवटी सांगते. सांगायला लाज वाटते, पण सांगते.)

तर अशी मी, मृणाल. वय अठ्ठावीस, धंदा सॉफ्टवेअर, स्वभाव पत्रक. राग आला की लोकांचं डोकं दुखतं. मला मथळा सुचतो. मागच्या ऑगस्टमध्ये माझ्या कंपनीनं सकाळी नऊ वाजता, नऊ मिनिटांच्या कॉलवर मला नोकरीवरून काढलं, तेव्हाही दहाव्या मिनिटाला मला मथळा सुचला होता. तो इथे छापता येणार नाही.

अमेरिकेत व्हिसावर असलेल्या माणसाची नोकरी गेली की त्याला साठ दिवस मिळतात. साठ दिवसांत दुसऱ्या कुणी तुमचे कागद भरले तर ठीक, नाहीतर बॅग भरा! मी पिस्कॅटवेचं घर सोडलं आणि आयसेलिनला मावशीच्या बेसमेंटमध्ये मुक्काम हलवला. मावशीच्या फ्रिजवर मराठी कॅलेंडर असतं. त्यावर ती रोज सकाळी चहाआधी एका दिवसावर काट मारायची, आणि मारताना माझ्याकडे अशा नजरेनं बघायची की जणू तो दिवस मीच खाल्लाय.

"मृणाल, आज एकविसावा."

"माहितेय गं, मावशी."

"माहितेय म्हणे! माझ्या चष्म्याला माहितेय, तुझ्या चेहऱ्यावर काही दिसत नाही."

एकविसाव्या दिवशी एका मोठ्या विमा कंपनीला अर्ज केला. 'पाठवा' दाबल्यावर माझं बोट अजून बटणावरच होतं, तेवढ्यात उत्तर आलं: 'मृणाल, तुमचा अर्ज आम्ही अत्यंत काळजीपूर्वक वाचला.' खाली सही, कुणी जेनिफर. दुसऱ्या दिवशी कोडी आली. मग घरी करायचं काम आलं, चार दिवसांचं, फुकट! (निषेध!) मग स्वभावाची परीक्षा: 'तुम्ही नदी आहात की डोंगर?' मी 'कर्मचारी' असं लिहिलं, तर चौकट लाल झाली. मुकाट्यानं नदी झाले. मग एका बाईचा फोन आला. गोड आवाज, मनमोकळं हसू. मी काहीही बोलले की ती हसायची. तिसऱ्यांदा हसली तेव्हा माझ्या लक्षात आलं, की हे तेच हसू आहे. शेवटी छोटासा श्वास घेते, तोही तोच.

मी मुद्दाम म्हणाले, "माझी मांजर काल वारली."

ती हसली. शेवटी छोटासा श्वास.

माझ्याकडे मांजर नाही. पण फोन ठेवल्यावर अंगावर काटा आला, तो खरा होता. तीन आठवडे, पाच फेऱ्या, आणि मला अजून एकही जिवंत माणूस भेटला नव्हता! एवढी मोठी कंपनी, आत कोणी राहतं की नाही?

मग मी जे करते तेच केलं. पत्रक काढलं. 'माणसाची मुलाखत माणसानंच घ्यावी! यंत्रापुढे बसू नका!' एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. शनिवारी ओक ट्री रोडवर साडीच्या दुकानासमोर उभी राहून वाटलं. एका काकूंनी वाचून विचारलं, "सेल कधीपर्यंत आहे?" पण सह्या मिळाल्या. पहिली सही मावशीची.

त्रेचाळिसाव्या दिवशी ईमेल आला: 'अभिनंदन! मॅनेजरला भेटण्यापूर्वीची शेवटची फेरी शनिवारी सकाळी अकरा वाजता. तुमच्याशी एमिली बोलेल. एमिली ही व्यक्ती नाही.'

मी तीन मिनिटं संतापले. चौथ्या मिनिटाला 'येते' वर क्लिक केलं. (या ओळीविरुद्ध कुणी पत्रक काढलं तर पहिली सही माझी.)

"शनिवारी? अजिबात नाही," मावशी म्हणाली. "पक्षपंधरवडा चालू आहे. त्यात शनिवारी मामंजींची तिथी. नवीन काम कुणी सुरू करतं का या दिवसांत?"

"मावशी, पितर आणि सॉफ्टवेअर यांचा काडीचाही संबंध नाही. असल्या समजुतींवर मी चार पानं लिहिली आहेत."

"लिहिलीस ना? मग ती चार पानंच दाखव व्हिसावाल्यांना."

मामंजी म्हणजे काकांचे वडील. आम्ही त्यांना आजोबाच म्हणायचो. साताऱ्याला सरकारी कचेरीत आस्थापना विभागात हेडक्लार्क होते, आणि कारकुनांच्या भरतीत मुलाखत घ्यायला बसायचे. त्यांच्या समोरून हसत बाहेर आलेला उमेदवार कुणी पाहिलेला नाही. लहानपणी मी त्यांना दोनदा भेटले. दोन्ही वेळा त्यांनी मला पाढे विचारले आणि दोन्ही वेळा मान हलवली, आडवी.

"मला बघायला आले तेव्हा पोहे खाऊन मला तीन प्रश्न विचारले," मावशी सांगायची, "आणि उठताना म्हणाले, कळवू. अजून काही कळवलेलं नाही. लग्न झालं ते आपलं असंच."

या आजोबांचा मोठा फोटो बेसमेंटमध्ये, मी राहत होते त्याच खोलीत भिंतीवर होता. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, चंदनाचा हार. नजर अशी, की खोलीत कुठेही बसा, तुमच्याच अर्जातली चूक शोधतायत. पहिले दोन दिवस मी कपडे बाथरूममध्ये जाऊन बदलले. (भूत नसतं. पण आस्थापना विभाग असतो.)

शनिवार उजाडला. लख्ख ऊन, निळं आभाळ. वर स्वयंपाकघरात वड्यांचा घाणा, खीर, अळूचं फदफदं, आमसुलाची चटणी. काका घरामागच्या लाकडी डेकवर पान घेऊन कावळ्याची वाट बघत बसलेले. काका केमिकल प्लांटमधून रिटायर झालेले इंजिनिअर. वाट बघणंही ते घड्याळ लावून करतात. दर वर्षी कावळ्याऐवजी गल्लीतली जाडजूड रानबदकं येतात आणि काकांना पानासकट घरात पळावं लागतं.

मी खाली सगळं चोख करून ठेवलं. दार बंद. मावशीला ताकीद: काहीही झालं तरी खाली यायचं नाही. माझी मावसबहीण रिया, कॉलेजात आहे, ती शनिवार-रविवार घरी आली होती, तिलाही सांगितलं.

"ताई, रिलॅक्स. नोबडी वॉन्ट्स टू कम टू युअर बेसमेंट," ती म्हणाली.

अकराच्या ठोक्याला स्क्रीनवर एमिली उगवली.

चेहरा सुंदर होता, मान्य. पण साबणाच्या वडीसारखा: कुठे रेघ नाही, खड्डा नाही. पापण्या हलत होत्या, आणि दोन पापण्यांमधलं अंतर मोजून घ्यावं इतकं सारखं. ती इंग्रजीत बोलली; इथे मराठीत देते.

"मृणाल, खोली रिकामी असणं गरजेचं आहे. कृपया कॅमेरा सगळीकडे फिरवा."

फिरवला. पलंग, कपाट, इस्त्री, आजोबांचा फोटो, वॉशिंग मशीन.

"खोली रिकामी आहे. धन्यवाद. नियम मोडल्यास ताकीद दिली जाईल. तिसऱ्या ताकिदीला मुलाखत संपेल."

आणि सुरू झालं. पहिला प्रश्न, वरिष्ठांशी मतभेद झाल्याचा प्रसंग सांगा. माझ्यासाठी हा प्रश्न म्हणजे मेजवानी! मी सुटले. माझं वाक्य संपायच्या आधीच एमिलीची मान डोलायची, अगदी बरोबर जागी, जणू पुढचं वाक्य तिनं आधीच ऐकलंय. ते बघून माझी जीभ अडखळली. मी मुद्दाम वाक्य मधेच तोडलं. तरी ती डोलली. बेसमेंटमध्ये पाण्याच्या हीटरचा घों-घों आवाज, वरच्या फरशीवर मावशीची पावलं, आणि ही बाई माझ्या न बोललेल्या वाक्याला मान डोलावतेय!

मग ती थांबली. मान किंचित तिरकी झाली. माझ्याकडे नाही, माझ्या खांद्यावरून मागे बघितल्यासारखं केलं.

"मृणाल, खोलीत आणखी एक व्यक्ती आहे. पहिली ताकीद. कृपया त्यांना बाहेर जायला सांगा."

मी मागे वळले. दार बंद. पलंग, कपाट, इस्त्री.

"इथे कुणी नाही."

"तुमच्या मागे. भिंतीपाशी. वयस्कर गृहस्थ आहेत. टोपी घातली आहे."

"तो... तो फोटो आहे! ते वारले!"

"वाईट वाटलं ऐकून," एमिली म्हणाली, आणि त्याच सुरात, त्याच पट्टीत पुढे: "कृपया त्यांना बाहेर जायला सांगा."

मी हसले. चार पानी पत्रकाची लेखिका आहे मी, मला कसली भीती? म्हटलं, बाई, मघाशी तूच म्हणालीस खोली रिकामी आहे.

"तेव्हा रिकामी होती," एमिली म्हणाली.

कॉलच्या कोपऱ्यात आपलं स्वतःचं चित्र दिसतं ना, लहानसं? त्यात मी होते, आणि माझ्या खांद्यावर पोस्टाच्या तिकिटाएवढे आजोबा. त्या चौकटीवरून माझी नजर हलेना. आणि माझ्या डोळ्यांदेखत, भर सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, तिकिटातल्या आजोबांनी सावकाश डोळे मिटले. आणि उघडले.

यापुढचं मला सांगता येत नाही, कारण यापुढे मी टेबलाखाली होते. कशी गेले ते आठवत नाही. हात-पाय पोटाशी, तोंडात ओढणी, आणि डोक्यात एकच मथळा, लाल शाईत: 'भूत नसतं.' खाली प्रश्नचिन्ह!

वरून एमिलीचा आवाज आला. शांत. प्रेमळ.

"मृणाल, तुम्ही दिसत नाही. दुसरी ताकीद." थोडं थांबून: "मागचे उमेदवार दिसत आहेत. आपण पुढे जाऊ या. सर, दडपणाच्या प्रसंगी तुम्ही स्वतःला शांत कसं ठेवता?"

हीटर नेमका त्याच क्षणी बंद पडला.

"सावकाश विचार करा," एमिली म्हणाली.

आजोबांनी सावकाश विचार केला.

"फार छान उत्तर," एमिली म्हणाली. "आणि तुमचं हसू बघून प्रसन्न वाटलं."

"मावशीऽऽ!" मी टेबलाखालून किंचाळले. डोक्याला टेबल लागलं. पुन्हा किंचाळले.

धाडधाड पावलं. मावशी, एका हातात खिरीचा डाव, अंगात रियाच्या कॉलेजचा टोपीवाला स्वेटशर्ट. मागे रिया.

"काय झालं? कुठे आहेस?"

"मावशी, आजोबा... डोळे..."

मावशीनं फोटोकडे बघितलं. आजोबांनी मावशीकडे बघितलं. आणि पापणी लवली!

तिच्या जागी दुसरं कुणी असतं तर बेशुद्ध पडलं असतं. मावशीनं डाव्या हातानं स्वेटशर्टची टोपी झटकन डोक्यावर ओढली, सासऱ्यांपुढे पदर घ्यावा तशी, आणि खाली बघत म्हणाली, "मामंजी, काही चुकलं का? अळू घातलंय. आमसुलाची चटणी आहे. वडे जरा तेलकट झालेत, पण इथलं तेलच तसलं."

"मॉम, हू आर यू टॉकिंग टू?"

"तू नमस्कार कर आधी!"

"नमस्कार," एमिली म्हणाली. "खोलीत आता चार व्यक्ती आहेत."

"ही कोण बाई?" मावशीनं खालच्या आवाजात विचारलं. "मामंजींसोबत आलीय?"

"मावशी, ती यंत्र आहे! मुलाखत घेतेय!" मी टेबलाखालून म्हणाले.

मावशीनं टोपीच्या आतून माझ्याकडे पाहिलं. "यंत्र? यंत्रापुढे बसू नका म्हणून माझी सही घेतलीस ना गं तू? बॉलपेन चालत नव्हतं तर पुन्हा गिरवून घेतलीस!"

मी टेबलाखाली आणखी आत सरकले.

मावशी मात्र आता दोन्ही आघाड्यांवर लढायला लागली. स्क्रीनकडे वळून, इंग्रजीत: "मॅडम, शी इज अ गुड गर्ल. ओन्ली टंग इज लाँग. प्लीज गिव्ह जॉब." मग फोटोकडे वळून, मराठीत: "मामंजी, कावळा अजून आलेला नाही. तुमची काय इच्छा राहिलीय ते कळलं मला. हिचे सोळाच दिवस उरलेत. तुम्ही एवढ्या पोरांना कामाला लावलंत, ही तुमच्या घरातलीच आहे. मृणाल, ये बाहेर! शब्द दे त्यांना!"

"कसला शब्द?"

"की नोकरी लागली तर स्वतःच्या हातानं हार घालीन. दे!"

माझं डोकं टेबलाच्या कडेला, ओढणी दातांत. साठातले चव्वेचाळीस संपलेले. आणि मी, चौकाचौकात पत्रकं वाटलेली मी, हात जोडून त्या चौकटीला म्हणाले, "घालीन."

आजोबांनी डोळे मिटले. उघडले.

तेवढ्यात दार उघडून काका आत आले, कपाळावर घाम, पँटला बदकाची चोच लागलेली. आम्हा तिघींना फोटोपुढे बघितलं आणि त्यांचा चेहरा खुलला.

"अरे! दिसलं वाटतं तुम्हाला? सरप्राइज होतं ते! संध्याकाळी जेवणं झाल्यावर दाखवणार होतो!"

"काय दाखवणार होतात?" मावशीचा आवाज एकदम सपाट झाला.

"बाबांचा फोटो. आज सकाळी ही आंघोळीला गेली तेव्हा बदलला. चौकट तीच, हार तोच, आत स्क्रीन टाकला! ॲपमधून हलता करून घेतला. अकरा वाजता तिथीचा मुहूर्त, तेव्हापासून दर काही मिनिटांनी पापणी लवते. वायर हारामागून नेलीय, कळतसुद्धा नाही!"

मावशीनं हारामागची वायर बोटानं चाचपून बघितली.

"अहो," मावशी म्हणाली आणि डोक्यावरची टोपी काढली, "कावळ्याऐवजी तुम्हालाच पान वाढायला हवं होतं."

"खोलीत पाच व्यक्ती आहेत," एमिली म्हणाली. "तिसरी ताकीद. मुलाखत संपली. तुमच्या सगळ्यांचे आभार." पडदा काळा झाला, तेव्हा कुठे मी टेबलाखालून बाहेर आले. त्या काळ्या काचेत आम्ही पाचजण दिसत होतो. (चारजण! चार. बघा, अजून मोजताना चुकते.)

मग मी दोन तास त्वेषानं बोलले. कंपनीवर, यंत्रांवर, काकांवर, ॲपवाल्यांवर. घसा बसला तेव्हा सगळ्यांनी खीर खाल्ली. त्या एका पापणीपायी मी साठ दिवसांतली शेवटची संधी घालवली होती. दुसरीकडून कुठूनच बोलावणं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीनं कॅलेंडरवर काट मारली नाही. तेच जास्त लागलं.

त्या दिवशी खीर खाताना मी सहज विचारलं, "काका, डोळे मिटण्याचं कळलं. पण हसवलंत कशाला? ते बघून ती एमिली खूश झाली."

काकांचा चमचा थांबला. "हसवलं? नाही गं. हसणं मी टाकलंच नाही. ॲपमध्ये सोय होती, पण म्हटलं, बाबा हसले तर ओळखणार कोण?"

आम्ही चौघंही खाली गेलो आणि फोटोसमोर ओळीत बसलो. तासभर. मी टिपणं घेतली, कारण पुरावा म्हणजे पुरावा. आजोबांची पापणी नऊ वेळा लवली. हसले नाहीत. रिया म्हणाली, यंत्रानं सावलीला हसू समजलं असेल. असेल. शंभर टक्के असेल. त्या रात्रीपासून मी वर सोफ्यावर झोपायला लागले, ते केवळ बेसमेंटमधल्या ओलीमुळे.

अठ्ठेचाळिसाव्या दिवशी ईमेल आला. मला वाटलं, नकार. उघडला.

'अभिनंदन, मृणाल! तुम्ही मॅनेजरच्या फेरीसाठी निवडल्या गेल्या आहात. संयम: उत्कृष्ट. समोरच्याचं न तोडता ऐकून घेणं: उत्कृष्ट. स्थिर नजर: उत्कृष्ट. बोलण्याआधी विचार करतात. सौम्य स्मित. अडचणीच्या वेळी सहकाऱ्यांना बोलावून घेतात: संघभावना उत्कृष्ट.' आणि सगळ्यात खाली, एकच उणी बाजू: 'सुरुवातीची काही मिनिटं उमेदवार जरा जास्त बोलतात.'

मी ते तीनदा वाचलं. माझं न तोडता ऐकून घेणं? मी आईला फोनवर 'हॅलो'सुद्धा पुरं म्हणू देत नाही! जरा जास्त बोलणारी ती मी होते. बाकीचे सगळे मार्क भिंतीवरच्या आजोबांचे होते. एमिलीनं आम्हा दोघांना मिळून एकच उमेदवार धरलं होतं, आणि त्या उमेदवारातला चांगला भाग मी नव्हते!

"आता गप्प बसायचं," मावशीनं बजावलं. "कुणाला काही सांगायचं नाही."

पण गप्प बसता आलं असतं तर ते मार्क माझेच नसते का? मॅनेजरच्या फेरीला खरोखरची बाई आली: दमलेली, केस विस्कटलेले, मागे कुणाचं तरी बाळ रडतंय. तो रडण्याचा आवाज ऐकून मला भरून आलं. माणूस! मी पहिल्याच मिनिटाला सगळं सांगून टाकलं: फोटो, पापणी, टेबल, खीर. म्हटलं, हे मार्क माझे नाहीत, आणि तुमची ही भरतीची पद्धत लाजिरवाणी आहे, आणि यावर मी पत्रक काढणार आहे.

बाईनं हातातलं पेन खाली ठेवलं. मग खुर्ची जवळ ओढून हळू आवाजात म्हणाली, "माझ्या वेळी मागे खुंटीवर कोट टांगलेला होता. 'उमेदवार ताठ उभे राहतात,' असं लिहिलं होतं माझ्याबद्दल. मी पूर्ण वेळ बसलेली होते." तिनं मागे वळून दाराकडे एकदा बघून घेतलं. "अजून फेकलेला नाही मी तो. चला, आता कोडबद्दल बोलू." पुढचा तासभर आम्ही फक्त कोडबद्दल बोललो, आणि त्या तासाचे जे काही मार्क असतील ते माझे होते, एवढं मी शपथेवर सांगते.

बावन्नाव्या दिवशी नोकरी पक्की झाली. छप्पन्नाव्या दिवशी कागद भरले गेले. मावशीनं कॅलेंडरवर उरलेल्या चार दिवसांभोवती लाल गोल केला. मग नाक पुसलं.

संध्याकाळी मी ओक ट्री रोडवर जाऊन ताज्या झेंडूचा हार आणला. शब्द दिला होता. शिवाय तो माझ्याच पत्रकाचा मथळाही होता. स्टुलावर चढून हार घातला, आणि म्हटलं, आता विचारूनच टाकू. "आजोबा, बरोबर केलं ना मी?"

आजोबांची पापणी लवली. मान हलली नाही, उभीही नाही आणि आडवीही नाही. बहुधा कळवतील.

हल्ली घरून काम असलं की मी लॅपटॉप मुद्दाम बेसमेंटमध्ये, आजोबा खांद्यावर दिसतील असा मांडते. ऑफिसात सगळे म्हणतात, मृणाल फार शांत मुलगी आहे. यंत्रांविरुद्धचं पत्रक मी काढलं, वाटलं, त्यावर मॅनेजरबाईंची सहीसुद्धा घेतली. 'भूत नसतं' ची नवी आवृत्ती मात्र काढायची नाही असं ठरवलंय. ज्यांच्या मार्कांवर आपला पगार चालतो, ते नाहीतच असं चार पानी छापून वाटणं बरं दिसत नाही.